'अवकाश संशोधन' हिंदीत वाचलं तर

इस्रोचं हिंदी नाव 'भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन'. मराठीत आपण 'भारतीय अवकाश संशोधन संस्था' म्हणतो. सगळे शब्द संस्कृतातले, लिपी एकच, तरीही 'भारतीय' सोडला तर एकही शब्द जुळत नाही. आता आपलं नाव हिंदी वाचकाच्या डोळ्यांनी वाचा. त्याच्या भाषेत 'अवकाश' म्हणजे सुट्टी आणि 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. ही संस्था रजेच्या नियमांत दुरुस्त्या करते, असं त्याला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही.

मराठी-हिंदीतल्या अशा फसव्या शब्दांच्या याद्या पुष्कळ फिरतात. शिक्षा, चेष्टा, राग, खाली, सही, ताई हे शब्द त्यांत हमखास असतात. याद्या खोट्या नाहीत, पण त्या शब्द सुटेसुटे देतात. प्रत्यक्षात एक शब्द अर्थानं सरकला की त्याच्या मोकळ्या जागेवर दुसरा येऊन बसतो आणि दुसऱ्याच्या जागेवर तिसरा. अनुवादात चुका होतात त्या या साखळीचं एकच टोक हातात धरल्यामुळे.

संशोधनाचीच साखळी ओढून पाहू. हिंदीतलं 'संशोधन' मराठीत 'दुरुस्ती' होतं, म्हणून 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. मराठीतल्या 'संशोधना'ला हिंदीत 'अनुसंधान' किंवा 'शोध' म्हणतात. मग मराठीतला 'शोध' कुठे गेला? चाकाचा शोध, विजेच्या दिव्याचा शोध यांतल्या शोधाला हिंदीत 'आविष्कार' म्हणतात. आणि आपला 'आविष्कार'? तो कलाविष्कारातला, म्हणजे हिंदीतली 'अभिव्यक्ति'. मराठीतलं 'आविष्कारस्वातंत्र्य' हिंदी वाचकाला नवी यंत्रं बनवण्याचं स्वातंत्र्य वाटेल. राहिलं 'अनुसंधान'. ते मराठीत नामस्मरणाच्या, ध्यानाच्या बाजूला गेलं: ईश्वराचं अनुसंधान, म्हणजे मन सतत त्याच्याशी जोडलेलं ठेवणं. एका शब्दापासून निघालो आणि पाच शब्दांची अदलाबदल झाली.

यात बरोबर कोण, या प्रश्नाला अर्थ नाही. संस्कृतात 'शुध्' म्हणजे स्वच्छ होणं. मजकुरातला दोष काढून तो स्वच्छ करणं हा अर्थ हिंदी आणि बंगालीनं घेतला. माहिती पाखडून खरं काय ते वेगळं काढणं हा अर्थ मराठी, गुजराती आणि कन्नडनं घेतला. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, तेव्हा हा अर्थ मराठीत चांगलाच रुळलेला होता.

व्यवहारात याचा त्रास असा होतो. हिंदी मजकुरावरून केलेल्या मराठी पत्रकात 'विधेयकात संशोधन करण्यात आले' असं वाक्य येतं. शुद्धलेखन अचूक असतं, व्याकरणही ठीक असतं, म्हणून मुद्रितशोधकाची नजर तिथे अडखळत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यात वावगं काही दिसत नाही. चुकीचा शब्द चुकीचा दिसतच नाही, हीच या प्रकारातली खरी अडचण आहे.

दुसरी साखळी सरकारी कागदांतली आहे आणि ती अधिक महत्त्वाची, कारण तिथे लोकांचे हक्क गुंतलेले असतात. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे आक्षेप. त्याला मराठीत 'हरकत'. त्यांचं 'अनापत्ति प्रमाणपत्र' ते आपलं 'ना-हरकत प्रमाणपत्र'. हिंदीत 'हरकत' म्हणजे कृत्य, बहुधा न शोभणारं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. (गाण्यात गायक 'हरकत' घेतो, तिथे तो हालचालीचा अर्थ मराठीतही टिकून आहे.) आणि मराठीतल्या 'आपत्ती'ला हिंदीत 'आपदा' म्हणतात, म्हणून 'आपदा प्रबंधन' म्हणजे आपत्ती व्यवस्थापन. यातला 'प्रबंध'ही फसवा आहे: हिंदीत तो कारभार, मराठीत पीएच.डी.साठी लिहितात तो. आता 'नागरिकांच्या आपत्ती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी जाहिरात निघाली, तर ज्याला आराखड्यावर आक्षेप घ्यायचा आहे त्याला ती आपल्यासाठी आहे हेच कळणार नाही. हरकत नोंदवायला ठरावीक मुदत असते. ती निघून गेली की पुढे फार काही करता येत नाही.

शिक्षेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 'शिक्षा'चा दंडवाचक अर्थ मराठीनं एकटीनं केलेला नाही. कन्नड, तेलुगू आणि मल्याळममध्येही हा शब्द दंडाचाच आहे. मूळ संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं. सहा वेदांगांतली शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. शिकवण्यातून शिस्त आणि शिस्तीतून मार, हा प्रवास समजायला अवघड नाही. 'चांगला धडा शिकवला' असं आपण आजही म्हणतो. शिक्षक, शिक्षण, प्रशिक्षण हे शब्द मात्र जागचे हलले नाहीत, म्हणून एकाच कुटुंबातला हा एकटा शब्द जास्त फसवतो. २०१८ पासून केंद्राची 'समग्र शिक्षा' ही योजना आहे. ते विशेषनाम असल्यामुळे मराठीत तसंच ठेवावं लागतं, पण वाक्यात सामान्यनाम आलं की 'शिक्षण'च लिहायचं.

याच साखळीत पुढे 'दंड' आहे. मराठीत एकटा 'दंड' म्हणजे पैशांचा. हिंदीतल्या 'कठोर दंड दिया जाएगा'चं मराठी 'कठोर शिक्षा दिली जाईल'. तिथे 'दंड' तसाच ठेवला तर वाचक किती रुपये ते शोधत बसतो. कायद्याचं 'कलम' हिंदीत 'धारा' होतं. हिंदीत 'कलम' म्हटलं की आधी लेखणी डोळ्यांपुढे येते.

'प्रवासी'ची अडचण २०२० च्या टाळेबंदीत उघड झाली. हिंदीत 'प्रवासी मजदूर' म्हणजे पोटासाठी दुसऱ्या प्रांतात राहणारा मजूर. मराठीत 'प्रवासी मजूर' लिहिलं की तो फक्त गाडीत बसलेला माणूस होतो, आणि त्याच्या आयुष्यातली मुख्य गोष्ट, घर सोडून राहणं, वाक्यातून गळून पडते. 'स्थलांतरित मजूर' हाच मराठी शब्द. ९ जानेवारीच्या 'प्रवासी भारतीय दिवसा'तले प्रवासीही असेच परदेशी राहणारे. रेल्वेच्या घोषणेत हिंदीत 'यात्रीगण' असतात ते आपले प्रवासी. मराठीत 'यात्रा' असते ती देवाची किंवा गावची.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांकडे लोक कमी लक्ष देतात, पण तिथेही तितकीच फसगत आहे. मराठीत राजीनामा दिला की नोकरी सुटते. हिंदीत कोर्टात 'राजीनामा' झाला की दोन्ही पक्षांत तडजोड होते. नोकरी सोडायची तर 'इस्तीफ़ा'. 'राजीनाम्या'चं मूळ दोन्ही भाषांत 'राजी' असणं. आपली 'रजा' त्याच अरबी धातूची: आधी संमती, मग जायची परवानगी, मग सुट्टी. 'तक्रार' अरबीत पुनरावृत्ती, हिंदी-उर्दूत भांडण, मराठीत गाऱ्हाणं. आणि सगळ्यांत लांब गेलेला शब्द 'शिकस्त'. फारसीत आणि उर्दूत ती हार, मोडणं; मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे पराकाष्ठा. 'संघाने शिकस्त केली' आणि 'टीम ने शिकस्त खाई' यांतला फरक क्रीडाबातमीत पार उलटा आहे.

शेजारच्या गुजरातीतला एक शब्द तर जपूनच हाताळावा. मराठीत 'अपघात' म्हणजे दुर्घटना. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या. त्यातलं 'आप' म्हणजे स्वतः. दुर्घटनेला गुजराती शब्द 'अकस्मात'. महाराष्ट्रात पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करतात, तिच्यात आत्महत्येची प्रकरणंही सुरुवातीला येतात. जबाबाचा किंवा विम्याच्या कागदांचा अनुवाद या दोन भाषांत करायचा असेल तर हा शब्द दोनदा तपासा. एका कान्यानं दाव्याचं स्वरूपच बदलतं.

तपासायचं कसं? अनुवाद झाला की मूळ आणि मराठी मजकूर शेजारी ठेवून, दोन्हीकडे जसेच्या तसे राहिलेले शब्द अधोरेखित करा. बदललेल्या शब्दांवर विचार झालेला असतो. न बदललेल्यांवर बहुधा झालेला नसतो. मग त्या प्रत्येक शब्दाचं क्रियापद पाहा, कारण अर्थ क्रियापदाशी बांधलेला असतो. मराठीत समाधान वाटतं, लाभतं, आपण ते मानतो. हिंदीत समाधान काढतात, म्हणजे तोडगा. 'समस्येचे समाधान काढले' या वाक्यात 'काढले' खटकलं पाहिजे. (अपवाद 'शंकासमाधान', तिथे मराठीतही निराकरणाचाच अर्थ आहे.) राग येतो की आळवला जातो, व्यवहार होतो की केला जातो, यावरूनही हेच कळतं. हिंदीतला 'अच्छा व्यवहार' म्हणजे चांगली वागणूक, फायद्याचा सौदा नव्हे. त्यानंतर साखळी: एक शब्द बदलला की, जो घेतला त्याचा हिंदीत काय अर्थ आणि जो टाकला त्याचा मराठीत काय, हे दोन प्रश्न विचारा. जुन्या मजकुराला मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडावा, कारण दीडशे वर्षांत मराठीतले अर्थही हलले आहेत.

लिपी एक असली की हे सगळं जास्त झाकलं जातं. कन्नडमधला 'अवसर' म्हणजे घाई किंवा तिथला 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान, हे निदान वेगळ्या अक्षरांत येतं आणि आपण सावध होतो. देवनागरी कोकणीत ती सोय नाही. गोव्यात पाटीवर 'नुस्तें' दिसलं तर ते मराठीतलं 'नुसतं' नव्हे, ते मासे आहेत; आणि सोबतचं 'शीत' गार नसतं, तो ताटातला भात असतो.