कागदावरची अठरा

1 जून 2025, रविवार. रात्र.

आज मला अठरा वर्षं पूर्ण झाली. कागदावर. खरी तर ती जानेवारीतच झाली होती.

माय सांगते, संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका उसाच्या फडाशेजारी ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. रात्री गाडी भरून झाली, माय कोपीत येऊन टेकली आणि पहाटे मी झाले. बाराव्या दिवसानंतर माय परत मोळ्या बांधायला गेली. मी बांधावर, धडप्याच्या झोळीत. 2007 चं कॅलेंडर मोबाइलवर काढून मी हिशेब केलाय : 18 किंवा 19 जानेवारी.

त्या जन्माची नोंद कुठेच झाली नाही. तिथल्या ग्रामपंचायतीत कोण जाणार, आणि गावी परतल्यावर इथे कोण लिहून घेणार? मला शाळेत घालायला आजी घेऊन गेली. आजी म्हणजे मायची माय. आम्हाला सांभाळायला ती आमच्याकडेच असते. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आजी म्हणाली, "संक्रांतीच्या वक्ताला झाली." गुरुजींनी लिहिलं, 1 जून 2007. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून होती. चौथीत एक बाई आल्या होत्या, त्यांनी त्या दिवशी जन्मलेल्यांची नावं फळ्यावर लिहिली तर फळा भरून गेला. तेव्हा मला वाटायचं, आपल्या गावात एकाच दिवशी पोरं होतात.

मायचं तर त्याहून अवघड. तिच्या आधारवर 1 जानेवारी 1990 आहे. ते खरं धरलं तर माय अठरा वर्षांची झाली तेव्हा मी तिच्या कडेवर होते, आणि कडेवर म्हणजे फडातच. तिला कुणी सांगितलंही नसेल की आजपासून तू सज्ञान झालीस.

जानेवारी ते जून, या साडेचार महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या बाजूला ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, त्यामुळे ज्या घरातला मुलगा अर्धा कोयता आहे त्या घराला सून लवकर पाहिजे असते. आणि ज्या घरात मुलगी मोठी होते आहे, ते घर दिवाळीनंतर सहा महिने रिकामं राहणार असतं. लेकरू कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही मायबापाची भीती खोटी नाही. मी तिला खोटी म्हणणार नाही. रात्री कोपीत झोपताना माझा विचार करून मायला झोप लागायची नाही, हे तिनं मला खूप उशिरा सांगितलं.

माझ्या बाकावर सातवीपर्यंत जी बसायची, ती लॉकडाऊनमध्ये लग्न होऊन गेली. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमच्या गावातल्या टोळ्या तिकडेच अडकल्या. एप्रिलात सरकारनं परवानगी दिली, मग माणसं आली. गावानं त्यांना आधी शिवाराबाहेरच ठेवलं. माय लांब लिंबाखाली उभी होती आणि मी नालीच्या अलीकडे. त्या उन्हाळ्यात शाळा नाही, मंडप नाही, जेवणावळ नाही, खर्च नाही, म्हणून लग्नं पटापट झाली. ती तेरा वर्षांची होती. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती, अपूर्णांक तिनंच मला शिकवले. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आम्हाला शाळेत पाठ करून घेतला होता. मला तो येत होता. मी लावला नाही. आजी म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात आपण बोलू नाही," आणि मी गप्प बसले. आज अठराव्या वर्षाचा हिशेब मांडायचा तर ही गोष्ट सगळ्यात वर लिहावी लागेल. तिला आता दोन लेकरं आहेत. यात्रेत भेटली तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "बारावीला गणित हाय का गं?" मी नाही म्हणाले. गणित होतं. मला का कुणास ठाऊक, हो म्हणवलं नाही.

नववीपासून मी तालुक्याला वसतिगृहात राहिले. तिथे संध्याकाळी दिवा जात नव्हता आणि जेवण वेळेवर मिळायचं, एवढ्या दोन गोष्टींवर माझी बारावी झाली असं मला मनापासून वाटतं. माय आणि दादा (वडिलांना मी दादा म्हणते) घरी असताना मी जेवढी शिकले त्यापेक्षा ते नसताना जास्त शिकले, आणि हे लिहिताना पोटात कालवतं.

या जानेवारीत, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, मायचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. म्हणाली, "आज अठराची झालीस बघ." त्याच आठवड्यात मामानं स्थळ आणलं. मुलगा टोळीतलाच. मामाचं म्हणणं सरळ होतं : खुद्द माय सांगते अठरा भरली, मग अडचण काय? दादा फोनवर एवढंच बोलले, "कागदावर भरली नाही. ग्रामसेवक गुन्हा दाखल करील." विषय तिथे थांबला. 2006 चा बालविवाहाविरुद्धचा कायदा, मुलीला 18 आणि मुलाला 21, हे मी वहीत लिहिलं होतं. पण गुरुजींनी अंदाजानं टाकलेली एक तारीख माझ्यासाठी दारात आडवी उभी राहील असं कधी वाटलं नव्हतं. बारावीचे पेपर मी त्या तारखेच्या आडोशाला बसून दिले.

यंदा पट्टा लवकर पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम लवकर संपला. मार्चमध्येच माणसं परत आली, आमची उचल फिटली नाही. मागच्या वर्षी, 2024 च्या जानेवारीत, तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला तेव्हा दादांनी ती बातमी मोबाइलवर दोनदा लावून ऐकली होती. पण दर वाढून काय, फडच कमी चालला. 5 मेला निकाल लागला. मला 71 टक्के. मायनं गूळ वाटला. आणि मेच्या शेवटी, पाऊस एवढा लवकर आला की कोप्यांची पाचटं वाळायलासुद्धा वेळ मिळाला नाही, तेव्हा मामा पुन्हा म्हणाला, "आता एक तारखेला कागद बी भरतोय."

आठवडाभर मी याच विचारानं जागी होते. अठरा पूर्ण म्हणजे मत देता येतं, बँकेत स्वतःच्या सहीनं खातं चालतं. पूर्वी मताला एकवीस लागायची, 1989 पासून अठरा झाली, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म 6 भरणार आहे मी. पण माझ्यापुरतं अठरा म्हणजे दुसरंच काही होतं. आजपर्यंत "नाही" कायदा म्हणत होता. दादांनाही ते सोपं होतं, मलाही. भावकीत कुणाचं मन मोडत नव्हतं. आजपासून "नाही" म्हणायचं तर ते माझ्या तोंडानं.

दुपारी दादा ओट्यावर कोयत्याची मूठ बसवत होते. मी जवळ जाऊन बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "दादा, मला लग्न करायचं नाही. नर्सिंगला जायचंय. सीईटी दिलीय."

ते मुठीवर ठोकत राहिले. मग विचारलं, "किती वर्सं?"

"चार."

"चार हंगाम," ते म्हणाले. त्यांचं वर्ष असंच मोजलं जातं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मामाला काय सांगायचं ते बोलले नाहीत, पैशाचं बोलले नाहीत. मूठ बसल्यावर कोयता उचलून भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "मायला सांगितलंस का?"

मायला सांगायची गरज नव्हती, ती दाराआड उभी होती. मायची गर्भाची पिशवी तिसाव्या वर्षीच काढलेली आहे. पोटात दुखतं म्हणून गेली होती, डॉक्टर म्हणाला काढून टाका, उगाच खाडे पडतात. कुणी तिला नीट बसवून समजावलं नाही. मला नर्स का व्हायचंय हे दादांना माहीत नसेल, मायला माहीत आहे. ती बाहेर आली नाही. आत जाऊन तिनं चुलीवर शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

रात्री जेवताना मी मोबाइलवर माझं ते 2007 चं कॅलेंडर मायला दाखवलं. कसं शोधलं ते सांगितलं. तिनं ते हातात धरून पाहिलं आणि आजीला म्हणाली, "माझी बी तारीख निघंल का गं?"

आजी घास हातात धरून आठवत राहिली. म्हणाली, "पोळा होता. बैल मिरवून आणले अन् तू झालीस. पाऊस लई होता त्या दिशी."

"साल कोणतं, आजी?"

साल तिला सांगता येईना. मग ती मोजायला लागली, थोरल्या मामापासून, बोटांच्या पेरांवर. मधलं एक लेकरू गेलं होतं, त्याच्यापाशी अडायची, पुन्हा पहिल्यापासून. माय ताट बाजूला सारून तिच्या बोटांकडे बघत बसली होती. मी 1987 पासूनचे सगळे पोळे वहीत उतरवून घेतलेत.