भाचा येतोय

आमच्या धंद्यात ‘नाही’ असं कुणी म्हणत नाही. भाचा येतो. मुलाचं लग्न ठरतं. रंगकाम निघतं, नाहीतर घर विकायचा विचार सुरू होतो. बडोद्यात दांडिया बाजारात मी २२ वर्षं घरं दाखवतोय, आणि या काळात माझ्या मालकांचे जितके भाचे परदेशातून आले तितके एका विमानात मावायचे नाहीत. मालक कारण अर्धवट सांगतो. ते नीट बसवून पार्टीच्या कानावर घालणं दलालाचं काम. त्यात मी तरबेज होतो.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी आली. बँकेत नोकरी, बडोद्याला बदली, वय सव्वीस-सत्तावीस. घर सुरतेत, उधन्याला; आईवडील मूळ खानदेशातले. आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही तेच कराल जे काकूंनी केलं.

तिला स्टेशनजवळच्या गेस्ट हाऊसवरून स्कूटरवर घेऊन निघालो. काळ्या घोड्यापाशी आलो तशी म्हणाली, “काका, दोन मिनिटं थांबाल? संकल्पभूमी बघायचीय.” संकल्पभूमी म्हणजे कमाटीबागेतली बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणीची जागा. पण कमाटीबाग म्हणजे माझ्या लेखी छोटी आगगाडी आणि प्राणिसंग्रहालय. बडोद्यात जन्मून त्या जागेकडे मी चाळिशीपर्यंत फिरकलो नव्हतो. ती तिथे उभी राहिली, फोटोबिटो काढला नाही. परत येताना मी उगाच माहिती द्यायला गेलो, तर तिलाच सगळं पाठ. सप्टेंबर १९१७. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून बाबासाहेब करारापोटी बडोद्यात नोकरीला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात. मग दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी या बागेत काढले.

म्हणजे भाचे तेव्हाही यायचेच. हे मला तेव्हा सुचलं नाही, दोन दिवसांनी सुचलं.

काकूंचं घर रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. निवृत्त शिक्षिका, एकट्या. वरच्या दोन खोल्या दिवाळीपासून रिकाम्या. मुलगी मराठी बोलते म्हटल्यावर काकू खूश. चहा, भाकरवडी, ‘आमच्यावेळी शाळेत सगळं मराठीतच होतं’ वगैरे. पाण्याची वेळ, मीटर, गच्चीची किल्ली, सगळं बोलून झालं. दोन हजार टोकन तिने तिथेच माझ्या फोनवर टाकले. करारासाठी आधार कार्डाची झेरॉक्स दिली. काकूंनी चष्मा लावून ती वाचली, आणि एवढंच विचारलं, “गाव कुठलं म्हणालीस?” तिने सांगितलं. काकूंचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. तिला त्यांनी आणखी एक भाकरवडी वाढली.

रात्री साडेआठला फोन. “अरे सुधीर, ते वरचं सध्या राहू दे. माझा भाचा येतोय कॅनडाहून.”

मी “बरं” म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिला फोनवर भाच्याचं सांगितलं, टोकन परत करतो म्हणालो, गोत्रीला एक छान वन बीएचके आहे तेही जोडलं. ती म्हणाली, “काका, मी संध्याकाळी ऑफिसला येते.”

आली ती दोन पानांची प्रिंट घेऊन. भांडायला आली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. कलम ४ मध्ये पेनाने खूण केलेली: अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा वापरायला अडवणं हा गुन्हा. शिक्षा एक महिना ते सहा महिने आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशे रुपये! माझी एका चकरेची दलाली याहून जास्त असते. मग तिने पान उलटलं. कलम १०. गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा.

“हे तुमचं कलम आहे, काका,” ती म्हणाली. “मला ते घर नकोय. खरं कारण काय ते मला लिहून द्या. बस.”

मी विचार करतो म्हणालो. ती गेल्यावर आमच्याच जिन्यातल्या वकील मित्राला गाठलं. मला वाटलं होतं तो हसून सोडून देईल. तो म्हणाला, “कलम १२ वाचलंस का? पीडित अनुसूचित जातीची असेल तर कोर्ट आधी धरूनच चालतं की कारण अस्पृश्यतेचंच आहे. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं.”

मग मी त्याला ते विचारलं जे २२ वर्षांत कधी विचारलं नव्हतं: आपण मुसलमान पार्टीला, नॉनव्हेजवाल्याला, बॅचलरला परत पाठवतो त्याचं काय? तो म्हणाला, तिथे कायद्यात भोकं आहेत. घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, खासगी घरं नाहीत. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टाने सोसायटीचा ‘फक्त आमच्यातलेच’ हा पोटनियम मान्य केला. एचआयव्हीबाधितांना भाड्याने जागा नाकारता येत नाही असा कायदा २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. सगळ्यांसाठी मिळून एक कायदा नाही. आणि आपल्याकडे तर वर अशांत धारा. तो मला शिकवायची गरज नव्हती, त्याच्या फायली मीच कलेक्टर कचेरीत नेतो. दंग्यांच्या धास्तीने लोकांनी घरं कवडीमोलाने विकू नयेत म्हणून १९९१ चा हा कायदा. आता जाहीर झालेल्या भागात घर विकायचं तर आधी परवानगी, आणि घेणारा कोण, देणारा कोण, यावर सगळी गल्ली जागी.

काकूंकडे गेलो. त्यांनी दार उघडतानाच विचारलं, “ती भांडली का रे?”

“काकू, भाच्याला तीन वर्षं सुट्टी नाही, असं तुम्हीच मला गणपतीत सांगितलंत.”

“मी जातीचं काही बोलले का? एक शब्द तरी?”

“नाही बोललात. ते मी बोलायचं असतं.”

बराच वेळ त्या पदराचं टोक चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, “मला स्वतःला काही नाही रे. पण खाली जोशीवहिनी, समोर ते लोक... मी एकटी बाई.” हे खोटं नव्हतं. माझ्या बहुतेक मालकांचं हेच असतं. मालकाला काही नसतं, त्याच्या समोरच्याला असतं, आणि समोरच्याला विचारलं तर त्यालाही काही नसतं. शेवटी काकू म्हणाल्या, “बरं, ये म्हणावं तिला. पण स्वयंपाकात अंडं-मटण नको.” मी हे तिला सांगितलंच नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

रात्री अकराला मोबाइल घेऊन बसलो. पहिल्यांदा लिहिलं, ‘काही अडचणींमुळे’. पुसलं. मग ‘मालकिणीच्या घरगुती कारणाने’. तेही पुसलं. बायको म्हणाली, झोपा आता, सकाळी करा. शेवटी पाठवलं ते असं: ‘घर रिकामं आहे. भाचा येणार नाही. तुमचं आडनाव आणि गाव कळल्यावर मालकिणीने नकार दिला. मी तुम्हाला खोटं सांगितलं.’ खाली माझं पूर्ण नाव. टोकनचे दोन हजार लगेच परत टाकले.

तिचं उत्तर दहा मिनिटांनी आलं: ‘मिळालं.’ मला कळेना, मेसेज की पैसे.

तिने तक्रार केली की नाही, मला ठाऊक नाही. पोलिसांचा फोन अजून आलेला नाही. फतेगंजला तिने स्वतःच घर शोधलं, हे तिच्या बँकेत खातं असलेल्या माझ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. माझ्या वहीत प्रत्येक घरापुढे खुणा असायच्या: ‘फॅ.’ म्हणजे फॅमिली, ‘व्हे.’ म्हणजे व्हेज, आणि ‘आ.’ म्हणजे आडनाव आधी विचारा. नवी वही घेतली तेव्हा ‘आ.’ लिहायचं सोडलं. त्याने चार मालक गेले. मालक ते तोंडी सांगतातच, आणि कधी कधी मी ऐकून घेतो, हेही खरं.

काकूंच्या वरच्या खोल्या मी पुन्हा कुणाला दाखवल्या नाहीत. परवा त्या गल्लीतून गेलो तर गच्चीच्या दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते. दुसऱ्या कुणीतरी पार्टी आणली असणार. काकू खाली दारात भाजी निवडत बसल्या होत्या. मी स्कूटर हळू केली. त्यांनी मान वर केली नाही.