आपण की आम्ही

इंग्लंडमधल्या रुग्णालयांत मी मराठी दुभाषी म्हणून जाते. घरच्यांकडून भाषांतर करून घेणं इथे टाळतात. मुलगा आईला वाईट बातमी जशीच्या तशी सांगेल याचा भरवसा नसतो. मी सांगते. डॉक्टर ‘मी’ म्हणाल्या की मीही ‘मी’च म्हणायचं. खोलीत उच्चारलेलं प्रत्येक वाक्य पलीकडे पोचवायचं. स्वतःचं काही बोलायचंच झालं, तर ‘दुभाष्याला सांगायचं आहे’ असं, तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं. मला ही सोय आवडते. अकरा वर्षांत कामावर डोळ्यांत पाणी आलेलं नाही.

त्या दिवशीच्या आजी कोरेगावकडच्या. स्वादुपिंडाचा कर्करोग. मी बसते न बसते तोच म्हणाल्या, “पोरी, कुन्या गावची गं तू?”

नियमाप्रमाणे मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाल्या, लीड्सची.

“मी लीड्सची,” मी मराठीत.

आजींनी मला न्याहाळलं. “दिसत न्हाईस.”

तेही पोचवलं. गोऱ्यापान डॉक्टर गोंधळून स्वतःकडे बघत राहिल्या.

मग डॉक्टर मुद्द्यावर आल्या. ‘वुई हॅव डिसायडेड टू स्टॉप द कीमो.’ इंग्रजीच्या ‘वुई’त कोण कोण बसतं ते सांगावं लागत नाही. मराठीत लागतं. ‘आम्ही’ म्हटलं तर आजी बाहेर, ‘आपण’ म्हटलं तर आत. डॉक्टरांना विचारायला दोन सेकंद लागले असते. पण त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून मी मऊ शब्द उचलला : “आपण केमो थांबवायचं ठरवलंय.”

“आपण म्हंजे कोन?” आजी ताठ झाल्या. “मला कुनी इचारलं?”

हेही इंग्रजीत गेलं. डॉक्टर गप्प झाल्या. तो निर्णय त्यांच्या बैठकीतला होता, म्हणजे ‘आम्ही’च. खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, आणि मी म्हणाले, “माझं चुकलं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

आजी डॉक्टरांकडे बघतच नव्हत्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू कशाला माफी मागतीस? तुझी काय चूक?”

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. ‘दुभाष्याला सांगायचं आहे’ एवढं मात्र ओठांपर्यंत येऊन राहिलं. टाइमशीटवर सही घेतली, पन्नास मिनिटं लिहिली आणि बसस्टॉपवर आले.