डिस्ट्रो बदलू की डोंगल?

लिनक्सवाल्यांचं वर्ष आणि कास्तकाराचं वर्ष यांचं काही जमत नाही. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, आणि तिच्या वेगवेगळ्या तयार संचांना डिस्ट्रो म्हणतात; उबंटू त्यातलाच एक. उबंटूची पहिली आवृत्ती 2004 च्या ऑक्टोबरात आली, आणि तेव्हापासून, 2006 चा एक अपवाद सोडला तर, दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबर हे तिचे महिने. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी, मळणीयंत्रवाल्याच्या मागे धावणं, आणि त्याला लागूनच कापसाचा पहिला वेचा. एप्रिल म्हणजे लग्नं, आणि पारा पंचेचाळिशीकडे. दीर्घ मुदतीची 24.04 आली 25 एप्रिल 2024 ला; दुसऱ्या दिवशी वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ-वाशीम इकडे लोकसभेचं मतदान होतं. डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोला तारखेचं बंधन नाही, तयार होईल तेव्हा तो येतो. तर तेरावी आवृत्ती तयार झाली 9 ऑगस्ट 2025 ला. राखीपौर्णिमा. घरात नणंदा आलेल्या, ओट्यावर नारळीभात, आणि हातात फोन धरून नव्या आवृत्तीची बातमी वाचणारी मी. त्या दिवशी माझ्याबद्दल घरात काय बोललं गेलं ते सोडा.

मुद्दा असा की दर मोठ्या अपग्रेडनंतर माझ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी मोडतं, आणि मग डिस्ट्रोच बदलावा असं मनात येतं. मी कोणता वापरते ते सांगत नाही. मला नवऱ्याचं नाव घ्यायलाही उखाणा लागतो. लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅमचा, नागपूरला बर्डीवरून सेकंडहँड आणलेला. त्याच्यावर बचत गटाचा हिशेब चालतो, गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज टाइप होतात. आतलं वायफाय कधीचंच गेलंय, म्हणून बाहेरून एक डोंगल लावलेलं.

मागच्या अपग्रेडनंतर या डोंगलचा दिवा तेवढा लागायचा, पण यादीत एकही नेटवर्क दिसेना. प्रिंटर त्याहून वरचढ. आदल्या दिवशी गटाचं महिन्याचं पत्रक छापून देणारा तो, आता पडद्यावर ‘काम पूर्ण झालं’ म्हणायचा आणि कागद जागचा हलायचा नाही. मराठी मात्र शाबूत होती. अपग्रेड झालं की मी सगळ्यात आधी ‘वऱ्हाड’ टाइप करून बघते. त्यातला अर्धा र जागेवर बसला की निम्मा जीव भांड्यात पडतो.

आणि अपग्रेड सुखासुखी होतं कुठे? दीड-दोन जीबी उतरवायचं असतं आणि फोनचा पॅक रोजच्या दीड जीबीचा. म्हणजे रात्री अकराला सुरुवात करायची, बारा वाजता नवा दीड जीबी मिळाला की उरलेलं ओढायचं. तेवढ्यात लाइट जाते. या लॅपटॉपच्या बॅटरीत फार दम नाही. लाइट आल्यावर तो इंग्रजीत सांगतो की पॅकेजांचं, म्हणजे प्रोग्रामांच्या गठ्ठ्यांचं, काम अर्धवट राहिलंय, अमुक आज्ञा स्वतः देऊन ते पुरं करा. ती आज्ञा मला आता तोंडपाठ आहे. एवढं होऊन सहसा सगळं मार्गी लागतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

ह्यांचं मत एका वाक्यात संपतं. “चालून राह्यलं नं? मंग कायले हात लाऊन राह्यली?”

शेतीत हे मत बरोबर असेल, इथे नाही. आवृत्तीला मुदत असते. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. ज्या ब्राउझरमध्ये गटाचं बँक खातं उघडते, तो तसाच उघडा ठेवून मला झोप येणार नाही. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हापासून गावात ज्यांच्याकडे जुने कॉम्प्युटर आहेत ते माझ्याकडे येऊन विचारतात की आता काय करायचं. म्हणजे या गावात मी जाणकार. आणि जाणकाराच्या घरचं वायफाय बंद.

पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, “काकू, तू आर्च टाक. त्यात अपग्रेडचं झंझटच नाही.”

खोटं नाही ते. आर्च हा डिस्ट्रो 2002 पासून आहे आणि त्याला आवृत्तीच नसते. जे नवं तयार होईल ते रोज थोडं थोडं येत राहतं. पण त्यांचंच सांगणं आहे की अपडेट करायच्या आधी त्यांच्या बातम्या वाचा, कधी कधी हातानं काही करावं लागतं. अर्धंच अपडेट करून ठेवणं तर त्यांना मंजूरच नाही. वेचणीच्या दिवसांत हा लॅपटॉप आठवडेच्या आठवडे उघडत नाही. दोन महिन्यांनी उघडला की आधी सह्यांच्या किल्ल्यांचं (पॅकेजं खरी आहेत का हे तपासणाऱ्या) पॅकेज ताजं करा, नाहीतर बाकीचं घेणार नाही, असं होऊ शकतं. पुतण्याकडे घरात फायबर आहे, रोज सकाळी चहाबरोबर तो अपडेट करतो. त्याचं त्याला चांगलं.

जूनमध्ये कृषी केंद्रासमोर उभं राहून ऐकावं. ज्याला मागच्या साली जे बियाणं पिकलं, तो त्याचंच नाव सांगतो, अगदी हात धरून सांगतो. समोरच्याचं वावर काळं आहे की बरड, ओलिताचं आहे की कोरडवाहू, हे विचारायला कोणी थांबत नाही. डिस्ट्रोचा सल्ला देणारे मला अजून तरी याच जातीचे भेटले.

फेडोराचं म्हणाल तर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि जवळपास तेरा महिने साथ. माझ्या पॅकला ते झेपत नाही, तो विषय संपला. ओपनसुसेचा टम्बलवीड मला मनापासून आवडला. तोही आर्चसारखाच अखंड वाहणारा, पण बाहेर पडण्याआधी यंत्राकडून तपासून घेतलेला. शिवाय काही बिघडलं तर सुरू होतानाच्या यादीतून कालची स्थिती निवडायची, लॅपटॉप कालचा होतो. फेडोराच्या सिल्व्हरब्लू नावाच्या प्रकारातही जुनी स्थिती अशीच राखून ठेवलेली असते. मिंट या डिस्ट्रोत त्यासाठी टाइमशिफ्ट आहे. ही मागे जायची सोय ज्यानं आणली त्याचे पाय धरावेत, फक्त एक आहे: मागे गेल्यानं डोंगल चालू होतं, पण मग मी मागेच असते. पुढचं अपग्रेड आलं की तोच प्रश्न पुन्हा दारात.

राहता राहिला डेबियन. इयान मर्डॉकनं 1993 मध्ये सुरू केलेला, उबंटूचाही बाप. साधारण दोन वर्षांनी एक आवृत्ती. तीन वर्षं पूर्ण साथ आणि पुढची दोन वर्षं दीर्घ मुदतीची. एकदा बसवला की आतल्या गोष्टी फारशा हलत नाहीत, नुसत्या दुरुस्त्या येतात. म्हणजे तारीख मला निवडता येते, आणि कास्तकाराच्या घरात याला फार किंमत आहे. आवृत्ती गाळून उडी मात्र मारता येत नाही. अकरावरून तेरावर जायचं तर वाटेत बारावर मुक्काम करावाच लागतो.

आमच्या वाचनालयातल्या गुरुजींचा डेस्कटॉप 32-बिटचा आहे. डेबियन 13 नं त्या जातीच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. गुरुजींनी डिस्ट्रो बदलायचं म्हटलं तर त्यांच्याकडे खरं कारण आहे. माझ्याकडे काय आहे? चिडचिड.

म्हणून एका दुपारी, बाहेर ऊन आणि कूलर पाण्याविना, मी डेबियनच्या तेराव्या आवृत्तीसोबतची सूचनापत्रिका वाचायला घेतली. असल्या पत्रिका कोणी वाचत नाही, पण वाचाव्यात. तीत अपग्रेडच्या तयारीत एक काम दिलंय: बाहेरून आणलेली, म्हणजे डेबियनची नसलेली पॅकेजं आधी काढा. उबंटूचं अपग्रेडही सुरू झालं की बाहेरचे स्रोत आधी बंद करून टाकतं. दोघांनाही ठाऊक आहे की भांडण कुठून सुरू होतं.

माझं डोंगल तसंच बाहेरचं. त्याच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आत नाही; कोणा भल्या माणसानं इंटरनेटवर ठेवलेला आहे, आणि दर नव्या कर्नलबरोबर तो माझ्या लॅपटॉपवर नव्यानं कंपाइल व्हावा, म्हणजे मूळ कोडमधून पुन्हा तयार व्हावा लागतो. कर्नलवाल्यांचा नियम कडक आहे: वर चालणारे साधे प्रोग्राम आमच्या बदलामुळे मोडता कामा नयेत. लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स यावरून लोकांना झापतो. पण आतल्या रचनेबद्दल त्यांनी कोणालाच शब्द दिलेला नाही. ती ते हवी तशी बदलतात. जे ड्रायव्हर कर्नलच्या आत आहेत ते बदलणाराच दुरुस्त करतो. जो बाहेर राहिला, त्याचं त्यानं बघावं. एखादं फंक्शन बदललं की कंपाइल अडतं, आणि माझ्याकडे नुसता दिवा लागतो.

मग डेबियन टाकला काय, आर्च टाकला काय, कर्नल तर तोच. फरक एवढाच की आर्चवर हे डोंगल कुठल्याही मंगळवारी बंद पडेल आणि डेबियनवर दोन वर्षांतून एकदा.

हे कळल्यावर मला जरा रागच आला, कारण डिस्ट्रो बदलायचा बेत मी मनात बराच रंगवला होता. नवा वॉलपेपरसुद्धा ठरला होता.

तर आता ठरलंय ते असं. डिस्ट्रो आहे तोच राहील. डोंगल बदलायचं, ज्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आधीपासून आहे असं बघून घ्यायचं. पुतण्यानं एका जुन्या चिपचं नाव सांगितलं. वेग कमी आहे, पण इथे टॉवरलाच वेग नाही तर डोंगलला कशाला हवा? नवीन येईपर्यंत फोन यूएसबीच्या वायरनं जोडून इंटरनेट घेते. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पुढचं अपग्रेड होळीनंतर. कापूस घरातून गेलेला असतो, तूर निघालेली असते, ऊन अजून सोसण्यासारखं असतं. तोवर जुन्या आवृत्तीला मुदत आहे, ते बघून घेतलंय. दीर्घ मुदतीच्या उबंटूवाल्यांनाही नव्या आवृत्तीची सूचना पहिली सुधारित खेप निघाल्यावरच येते, म्हणजे उन्हाळा उलटून जातो. माझं थांबणं म्हणजे काही आळस नव्हे, असं मी ह्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “म्या तेच म्हणो.”

प्रिंटरचं मात्र अडलंय. त्याचाही ड्रायव्हर कंपनीनं बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा दिलेला, मग त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. हल्लीचे पुष्कळ प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, तसला एक घ्यावा. पण जुना गटाच्या पैशातून आलाय आणि विंडोजवर अजून ठणठणीत आहे. नवा घ्यायचा तर मासिक बैठकीत ठराव मांडावा लागेल. तिथे अध्यक्षबाई पहिला प्रश्न काय विचारतील ते मला माहीत आहे: जुन्याले झालं तरी काय? त्यावर कर्नलच्या आतलं आणि बाहेरचं समजावून सांगायला मला किती वेळ मिळेल, ते चहा केव्हा येतो त्यावर आहे.