चार तास आणि दोन रायफली

आज दोन्ही एअर रायफली (हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या) एकाच टेबलवर ठेवून नेमबाजी केली. माझी जुनी स्प्रिंगवाली आणि मित्राची महागडी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठीची. अंतर १० मीटर, छर्रे ४.५ मिमीचे, एकाच डब्यातले.

फरक पहिल्याच फैरीत जाणवला. स्प्रिंग सुटली की आतला जड पिस्टन पुढे धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच बंदूक हलते. पकड जराशी बदलली तरी नेम सरकतो. मॅच रायफलीत सिलिंडरमधली दाबाची हवा फक्त सुटते, धक्का जवळजवळ नाहीच. आणि ट्रिगर! किती हलका, किती स्वच्छ. बोट कुठे थांबतं ते नेमकं कळतं. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे हे फार मोलाचं आहे.

पण छर्रे विखुरले ते बऱ्याचदा माझ्या श्वासामुळेच, हेही दिसलं. महाग रायफल ते झाकत नाही, उलट उघडं पाडते. मला तेच हवंय. चूक माझी की बंदुकीची, हा संशय तरी संपेल.

अशी मॅच रायफल घ्यायची, पण वर्षभराने. तोवर रोज कोरा सराव, म्हणजे छर्रा न भरता नेम धरून ट्रिगर ओढायचा, आणि वेगवेगळे छर्रे तपासून बघणार.