तीनशे ऐंशीचं अंडं

कोकणकन्या रत्नागिरीत उतरवते तेव्हा उजाडलेलं नसतं. स्टेशन गावाबाहेर, रिक्षावाले डुलक्या काढत बसलेले, आणि आदल्या रात्री दादरला घाईत कोंबलेला वडापाव कधीच जिरलेला. मित्राच्या आईला त्या वेळी दार उघडायला लावणं बरं दिसलं नसतं. रिक्षा सरळ मिरकरवाड्याकडे घ्यायला सांगितली.

बंदर मात्र टक्क जागं होतं. ट्रॉलर लागलेले, कुणीतरी बर्फाच्या लाद्या फोडत होतं, बांगड्याचे क्रेट ओढले जात होते आणि खाली पाण्याचं नुसतं थारोळं. जेटीच्या अलीकडे एक टपरी. पाटी नाही, मेनू नाही. सगळे मालकांना चाचा म्हणत होते, म्हणून मीही. ऑम्लेट-पाव मागितला तर चाचा म्हणाले, "पाव संपले. त्या गल्लीत भट्टी आहे, एक लादी घेऊन ये ना भाऊ. तोवर कांदा चिरतो."

गिऱ्हाइकालाच कामाला लावणारं हॉटेल मी पहिल्यांदाच पाहिलं. गेलो.

बेकरी म्हणजे एक काळवंडलेली खोली. भट्टीच्या तोंडाशी बनियनवर उभा असलेला माणूस लांब दांड्याच्या लाकडी फळीने ट्रे बाहेर ओढत होता. लादी पाव असा का होतो, ते तिथे पाहिल्यावर कळलं. पिठाचे गोळे ट्रेमध्ये इतके खेटून मांडतात की फुगताना त्यांना बाजूला सरकायला जागाच उरत नाही. मग एकमेकांना चिकटतात. भाजतो तो माथा आणि तळ, कुशी मऊच राहतात. म्हणून पाव कापत नाहीत, तोडतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती लादी छातीशी धरून परत येताना मला चक्क ऊब मिळत होती.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पावाला प्रवेश नव्हता. "पायाने पीठ तुडवतात, म्हणून पाव म्हणायचं," हे तिचं ठाम मत. तो शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला, हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिच्याकडे पुढची गोष्ट तयारच असायची. वसईत फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं. गोव्याकडेही हीच गोष्ट सांगतात. ज्या पावाने माणूस बाटायचा, त्याच पावावर आज कोकणातली अर्धी एसटी स्टँडं सकाळी जागी होतात.

चाचांची कृती आता जवळून पाहिली. अ‍ॅल्युमिनियमच्या पेल्यात दोन अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद, आणि चमच्याने ती खडखड फेटणी. मिश्रण तव्यावर पसरलं. ते वरून ओलं असतानाच पाव उघडून त्याचं पोट त्यावर दाबलं. तिथेच सगळी मेख आहे. कच्चं अंडं पावात शिरतं आणि मग शिजतं, त्यामुळे पाव आणि ऑम्लेट वेगळे काढताच येत नाहीत. उलटलं, कडा आत दुमडल्या, कागदावर दिलं. चाळीस रुपये. लादीचे पैसे त्यांनी त्यातून वळते केले.

दुसऱ्या दिवशी मित्राने गाडी काढली. गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा रस्ता म्हणजे एका बाजूला सुरूचं बन आणि वळण घेतलं की खाली सरळ समुद्र. त्याच रस्त्याला टेकाडावर एक नवीन कॅफे झालाय. नाव सांगत नाही. पांढऱ्या भिंती, वेताच्या खुर्च्या, आणि मेनूत 'कोस्टल एग सँडविच', रुपये तीनशे ऐंशी. पाच टक्के जीएसटी धरला की तीनशे नव्याण्णव, म्हणजे एक रुपया कमी चारशे.

मी नाक मुरडायच्या तयारीनेच बसलो होतो, हे कबूल करतो. वडापावाचं काय झालं ते पाहिलंय ना आपण. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात. आता त्यात चीज, शेजवान आणि काय काय भरतात. पण या सँडविचमधलं कोकमात मुरवलेल्या कांद्याचं लोणचं अप्रतिम होतं. आंबट, किंचित गोड, रंग असा की बघत राहावं. अंडंही लोण्यात हळू परतलेलं, लुसलुशीत. मित्राने माझ्या ताटलीतलं लोणचं बोटाने पुसून खाल्लं.

बिनसलं ते ब्रेडवर. ब्रिऑश. त्याच्या पिठातच लोणी आणि अंडी असतात, त्यामुळे तो मऊ, गोडसर, जवळपास केकच. अंड्यातलं पाणी त्याने ओढून घेतलं आणि तिसऱ्या घासाला खालचा तुकडा हातात लगदा होऊन आला. वेटर शेजारच्याच वाडीतला पोरगा होता. त्याला विचारलं, ब्रेड कुठला?

"मुंबईहून येतो, फ्रोजन. आठवड्यातून दोनदा."

"आणि तू सकाळी काय खाऊन आलास?"

"घावन," तो हसला. "नाहीतर चहा-पाव."

भिंतीवर खडूने लिहिलं होतं, लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, सातशे रुपये. मुंबईत उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. कारण रास्तच होतं, धूर. पण तिथे पाववाला भट्टी कशी बदलायची या विवंचनेत, आणि इथे तीच भट्टी मेनूवर मिरवते. सॉअरडोचं, म्हणजे पीठ सावकाश आंबवून केलेल्या ब्रेडचं, तेच. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायचे. आता बहुतेकांकडे विकतचं यीस्ट आलंय, आणि पीठ सावकाश आंबवणं ही चैन झालीय.

तो कोकमाचा कांदा जर मिरकरवाड्याच्या भट्टीतल्या पावात पडला असता तर? परतीच्या वाटेवर मी हेच बोलत होतो. मित्र म्हणाला, "कॅफे उघडतो नऊला. तोवर तुझा पाव थंड झालेला असतो." बरोबर होतं त्याचं. ताज्या लादीची ती मजा जेमतेम तासभर टिकते, आणि तो तास सूर्य उगवायच्या आसपासचा.

निघायच्या दिवशी पहाटे पुन्हा टपरीवर. चाचांना त्या सँडविचबद्दल सांगितलं.

"तीनशे ऐंशी? दोन देतात?"

"एक."

"मग आत सुरमई असेल."

"अंडं."

चाचांनी पेला खाली ठेवला. दरावर काहीतरी बोलतील असं वाटलं होतं.

"पाव कसा होता?"

"गोड."

"मग अंडं कशाला घातलं," ते म्हणाले, "चहात बुडवून दिला असता." आणि मान न वळवता गल्लीकडे बोट केलं. "आजही संपलेत. दोन लाद्या आण."