तुम्ही विचारलंत म्हणून : मैना किती दिवसांत रुळली?

घरी येणारा कोणीही आधी कोचावर चारही पाय वर करून पसरलेल्या मैनेकडे, आमच्या ग्रेहाऊंड कुत्रीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, "ही शर्यतीतली ना? मग इतकी कशी रुळली? किती दिवस लागले?" पूर्वी मी "लागले तीनेक महिने" म्हणून विषय संपवायचे. आता ओळखीतल्या दोघांनी ग्रेहाऊंड दत्तक घ्यायचं मनावर घेतलंय, तेव्हा नीट सांगते. रुळण्याची अशी एक तारीख नसते. काचेशी तिचं तासाभरात जमलं, जिन्याशी आठ दिवसांत, एकटेपणाशी चार महिन्यांत. एका गोष्टीशी अजून जमलेलं नाही, आणि जमेल असं मला वाटतही नाही.

आधी एक गैरसमज. तिला रोज दहा किलोमीटर पळवावं लागत नाही. ही जात ताशी सत्तरेक किलोमीटरच्या वेगानं पळते खरी, पण शर्यत असते साधारण पाचशे मीटरची, अर्ध्या मिनिटात खलास. बाकी दिवसभर झोप. दोन वेळा फिरवून आणलं की मैनेचं काम झालं.

आली तेव्हा ती चार वर्षांची होती. कानांच्या आत हिरव्या शाईनं गोंदलेले आकडे, मांडीवर जुना व्रण. सगळं आयुष्य केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या पिंजऱ्यांच्या आवारात गेलेलं: खाणं ठरल्या वेळी, बाहेर सोडणं ठरल्या वेळी, आणि शेजारच्या पिंजऱ्यात कायम दुसरा कुत्रा. घर तिनं पाहिलेलंच नव्हतं. हे मला आधी सांगितलं होतं, मीही मान डोलावली होती. पण एवढं थोरलं जनावर काचेच्या दारावर नाक आपटून माझ्याकडे "हे काय होतं?" असं बघायला लागलं, तेव्हा त्याचा अर्थ कळला. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, काचेचा प्रश्न मिटला. फरशीवर तिचे पाय चौफेर फाकायचे. मग अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत मी सतरंज्या टाकल्या, ओढ्यात दगड टाकावेत तशा. आठवडाभर ती फक्त त्यांच्यावरून चालली. मधे एखादी सतरंजी सरकली, तर तिथेच उभी राहून कुईकुई करायची.

जिन्यानं मात्र माझी कंबर मोडली. पहिल्या पायरीपाशी ती थरथरत उभी. नवरा पट्टा धरून वर, मी मागे वाकलेली. उजवा पुढचा पाय उचलून पायरीवर ठेवायचा, मग डावा, मग मागचे, की पुढचा परत खाली! ओढायचं नाही, रागवायचं नाही, दिवसातून दोनदा, चार-चार पायऱ्या. आठव्या दिवशी वर कोणीतरी चीजचं पाकीट उघडलं आणि बाईसाहेब तीन ढांगांत वर. उतरणं बाकी होतं. सगळा जिना एका उडीत संपवायचा तिचा बेत मी छातीचा कोट करून हाणून पाडला.

माझ्या चुका पहिल्या आठवड्यातल्याच. दुसऱ्याच दिवशी तिला बघायला नऊ माणसं बोलावली, ती दोन दिवस जेवली नाही. फिरताना मधेच पुतळ्यासारखी थिजायची, तेव्हा मी पट्टा ओढायचे. ओढलं की ती आणखी रुतायची. नुसतं बाजूला उभं राहावं, आपण दुसरीकडे बघावं, मिनिटाभरानं वळून दोन पावलं टाकावीत, ती येते. पट्ट्याचं म्हणाल तर साधा चालत नाही. हिची मान डोक्याहून जाड, त्यामुळे मागे सरली की पट्टा सुटलाच. ओढल्यावर जेमतेम आवळणारा मार्टिंगेल घ्या, आणि कुंपण नसेल तिथे मोकळी सोडू नका. मांजर दिसलं की तिला तुमची हाक ऐकू येत नाही.

डॉक्टरांकडेही "ग्रेहाऊंड आहे" हे आधी सांगा. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघून थायरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या डॉक्टर हसल्या. या जातीत थायरॉईडचा आकडा मुळातच कमी असतो आणि तांबड्या पेशी जास्त. भूल देतानाही जात बघावी लागते, काही जुनी औषधं यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत.

आता एकटेपणा. मी वीस मिनिटांसाठी बाहेर गेले होते. परत आले तर दाराची चौकट कुरतडलेली, उंबऱ्यापाशी लाळेचं थारोळं, आणि मैना धापा टाकत उभी. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. नंतर लक्षात आलं, की जन्मल्यापासून ही एक रात्रही दुसऱ्या कुत्र्याच्या श्वासाबाहेर झोपलेली नाही. मग फोन कपाटावर उभा करून चित्रण सुरू ठेवलं आणि बाहेर गेले. चाळिसाव्या सेकंदाला ती धापा टाकू लागली होती. म्हणजे आमची सुरुवात तीस सेकंदांपासून. किल्ल्या उचलायच्या आणि परत खुर्चीत बसायचं. चपला घालायच्या, काढायच्या. दार लावायचं, तीस मोजायचे, आत यायचं, लाड करायचे नाहीत. शेजाऱ्यांना माझी काळजी वाटू लागली होती. महिन्याभरात दहा मिनिटं झाली, मग एकदा घाईत मी तासभर अडकले आणि गाडी परत पाच मिनिटांवर आली. चार महिन्यांनी दोन तास. आता मी परतले की ती दातांवर दात वाजवते. हा थंडीचा थरकाप नाही, यांची खुशी अशीच वाजते.

राहिली ती न जमलेली गोष्ट. मैना डोळे अर्धे उघडे ठेवून झोपते. बघणाऱ्याला वाटतं, जागी आहे. माझ्या भाच्याला तसंच वाटलं. त्यानं जाऊन गळ्याला मिठी मारली आणि तिनं दचकून त्याच्या गालापाशी दात आपटले. लागलं नाही. जाग आल्यावर ती स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या झोपेत कधी कोणी हात लावलेला नव्हता, तो हात कोणाचा हे कळायला तिला एक क्षण लागतो, आणि दात त्याच्या आधी पोचतात. यावर मी काही शिकवायला गेले नाही. तिचं अंथरूण भिंतीकडे सरकवलं, जाडजूड केलं, कारण कोपरांना मांसच नाही, आणि घरातल्या माणसांनाच आधी हाक मारायची सवय लावली.

तेव्हा याल त्या दिवशी दारातूनच "मैना" म्हणून हाक मारा. तिचा एक कान उभा राहील. मग या आत.